बातमी पारखून घ्यावी

(रायगडच्या किनाऱ्यावरील एका गावात, प्रौढांच्या रात्रीच्या वर्गापुढे केलेले भाषण)



आज पाटी-पुस्तक बाजूला ठेवा. आज वाचायचे नाही की लिहायचे नाही. आज आपण बोलायचे आहे.

मागच्या आठवड्यात तुमच्यापैकी चार-पाच जण आमच्याकडे तक्रार घेऊन आले होते. म्हणाले, "गुरुजी, तुम्ही पोरांना शाळेत पेपर वाचायला लावता. त्यावर वाद घालायला लावता. आता पोरं घरातही तेच करतात. काही सांगायला जावं तर पोरगी म्हणते, 'बाबा, हे कशावरून?' आम्ही आमच्या बापाला असं कधी विचारलं नाही."

हसू नका. तक्रार खरी आहे, आणि ती करणारी माणसेही शहाणी आहेत. दिवसभर राबून माणूस घरी येतो. त्याला पोराने उलट विचारले तर ते टोचणारच. म्हणून आम्ही ठरवले की वर्गात काय चालते, कसे चालते आणि का चालते, ते तुम्हांला सरळ सांगावे. पटले तर घ्या. नाही पटले तर तुम्हीही आम्हांला विचारा, "हे कशावरून?" आम्ही रागावणार नाही.

आधी एक साधी गोष्ट घेऊ. आपण बाजारात मासळी घ्यायला जातो. मावशी म्हणते, "घे रे, आताच्या होडीची आहे. एकदम ताजी." तिच्या बोलण्यावर आपण लगेच पैसे काढतो का? नाही. आधी कल्ला वर करून बघतो. लाल आहे की काळपटलाय? मग डोळा बघतो. चकचकीत आहे की आत गेलाय? मग बोटाने दाबतो. खड्डा पडून तसाच राहिला तर मासा गुपचूप टोपलीत परत ठेवतो. यात मावशीचा अपमान होतो का? मुळीच नाही. उलट, जिची मासळी ताजी असते ती स्वतःच कल्ला उघडून दाखवते. कल्ल्याला हात लावू देत नाही, तिच्याकडून आपण घेत नाही.

पाव किलो मासळीला आपण एवढी पारख करतो. बातमी मात्र कशी घेतो? कोणी बोलले, मोबाइलवर आले, की घेतली. नुसती घेतली नाही, तर लगेच दहा जणांना वाटलीसुद्धा. कुजका मासा खाल्ला तर एक घर आजारी पडते. कुजकी बातमी गाव आजारी पाडते.

आमच्या शाळेत रोज सकाळी परिपाठ होतो, हे तुम्हांला ठाऊक आहे. प्रतिज्ञा होते, सुविचार होतो, दिनविशेष होतो. मग एक मुलगा उभा राहून आजच्या बातम्या वाचतो. पुष्कळ वर्षे आमच्याकडे असे चालले. मुलगा बातम्या वाचायचा, मुले टाळ्या वाजवायची आणि रांगेने वर्गात जायची. एके दिवशी आम्ही सहज विचारले, "आज कोणती बातमी वाचली रे?" कोणाला सांगता येईना. ज्याने वाचली होती त्यालाही सांगता येईना. तेव्हा आमच्या ध्यानात आले की हे नुसते तोंडाचे काम झाले. बातमी कानावरून गेली, डोक्यात शिरलीच नाही.

म्हणून आम्ही आठवड्यातला एक तास ठरवला. त्याला आम्ही 'बातमीचा तास' म्हणतो. एकच बातमी घ्यायची. ती फळ्यावर लिहायची. मग तिला पाच प्रश्न विचारायचे. ते प्रश्न तुम्हीही लक्षात ठेवा. हाताची पाच बोटे, तसे हे पाच प्रश्न.

पहिला, ही गोष्ट कोणी सांगितली?

दुसरा, त्याला ती कशी कळली? त्याने पाहिली की नुसती ऐकली?

तिसरा, ती कधीची आहे आणि कुठली आहे?

चौथा, यात घडलेले किती आणि कोणाचे मत किती?

पाचवा, यात कोणाचे म्हणणे आलेलेच नाही?

एवढेच आमचे शिक्षण. यात जादू नाही. पण हे पाच प्रश्न विचारले नाहीत तर काय होते, ते आता ऐका.

धुळे जिल्ह्यात साक्री तालुका आहे. तिथे राईनपाडा नावाचे एक लहान गाव आहे. १ जुलै २०१८ चा दिवस, रविवार. गावात आठवड्याचा बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसे तिथे आली. दारोदार भिक्षा मागून पोट भरणारी, दूरच्या जिल्ह्यातून आलेली गरीब माणसे. त्या दिवसांत मोबाइलवर एक अफवा फिरत होती. मुले पळवणारी टोळी आली आहे, सावध राहा. कोणाला तरी त्या पाच जणांचा संशय आला. गर्दी जमली. त्यांना ग्रामपंचायतीच्या कचेरीत कोंडले आणि तिथेच मारमार मारले. पाचही जण जीव गेले. त्यांनी कोणाचेही मूल पळवले नव्हते.

मंडळी, मारणारे काही राक्षस नव्हते. तुमच्या-आमच्यासारखी बाजाराला आलेली माणसे होती. आपल्या लेकरांची काळजी करणारी माणसे होती. काळजी खरी होती, बातमी खोटी होती.

त्या वर्षी देशभर एक चित्रफीत फिरत होती. तिच्यात मोटारसायकलवरून दोघे येतात, रस्त्यात खेळणाऱ्या एका मुलाला उचलतात आणि पळ काढतात. बघणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा. पण ती चित्रफीत आपल्या देशातली नव्हतीच. ती पाकिस्तानातल्या कराची शहरात तयार केलेली होती. मुलांना सांभाळा, असे आईबापांना सांगण्यासाठी ती मुद्दाम नाटक करून काढली होती. मूळ चित्रफितीत तेच दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि हातात फलक धरून दाखवतात. कोणीतरी तो शेवट कापून टाकला. राहिले ते फक्त मूल पळवणे.

ही गोष्ट आम्ही वर्गात सांगतो. पण आधी शेवट सांगत नाही. मूल उचलून नेले, इथेच थांबतो. मग मुलांना विचारतो, "तुम्ही काय कराल?" मुले तापतात. एक म्हणतो, "पकडू." दुसरा म्हणतो, "बांधून ठेवू." तिसरा म्हणतो, "हाणू." मग आम्ही शेवट सांगतो आणि मागून राईनपाड्याचे सांगतो. वर्ग गप्प होतो. एकदा एक आठवीतला मुलगा बराच वेळ खाली मान घालून बसला. शेवटी म्हणाला, "म्हणजे बाई, आम्हीपण मारलं असतं."

त्या मुलाला त्या दिवशी जे कळले ते परीक्षेच्या पेपरात येत नाही. पण ते कळावे म्हणूनच शाळा आहे, असे आम्हांला वाटते.

आणि एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. मोबाइलवरचे लिहिलेले निरोप पुढे पाठवणाऱ्यांना वाचता येत होते. तुम्ही रोज रात्री दमून-भागून इथे येता, अक्षर गिरवता. आम्हांला त्याचे मोठे कौतुक आहे. पण नुसते अक्षर आले म्हणजे काम झाले असे नाही. अक्षर ही होडी झाली. ती कुठे न्यायची आणि वारा कसा ओळखायचा, हे निराळे शिकावे लागते.

आता तुम्ही म्हणाल, "बरं तर मग. कशावरच विश्वास ठेवायचा नाही. सगळंच खोटं." थांबा. हीही एक चूक आहे, आणि ही चूक आम्ही स्वतः केली आहे. ती सांगायला लाज वाटते, पण सांगतो.

२०२० चा जून महिना आठवा. करोनामुळे शाळा बंद होत्या. हवामान खात्याने सांगितले की अरबी समुद्रात वादळ होते आहे आणि ते आपल्या किनाऱ्याकडे येते आहे. त्याचे नाव 'निसर्ग'. २ जूनला तुमच्यापैकी काही जण आमच्या अंगणात आले. विचारले, "गुरुजी, काय करायचं? खरंच येतंय का?" आम्ही काय सांगितले ते तुम्हांला आठवत असेल. आम्ही म्हणालो, "अहो, ही वादळं वर गुजरातकडे जातात. मागच्या वर्षीचं 'वायू' नाही का वळून गेलं? हेही वळेल."

तिथे आमच्या नववीच्या वर्गातली एक मुलगी उभी होती. ती हळूच म्हणाली, "बाई, ही तुमची माहिती आहे की तुमचा अंदाज?"

आम्ही जरा चमकलो. ती पुढे म्हणाली, "ते वळलं म्हणून हे वळेल, हे कशावरून? हवामान खातं दर काही तासांनी कुठे आहे ते सांगतंय. ते आपल्याकडेच सरकतंय. आणि २००९ साली 'फयान' आलंच होतं की. ते कुठे वळलं?"

तिचे बरोबर होते. 'फयान' वादळ ११ नोव्हेंबर २००९ रोजी अलिबाग आणि मुंबईच्या मधेच किनाऱ्यावर आले होते. आम्ही ते विसरलो होतो. ज्याच्याजवळ उपग्रहाची चित्रे आहेत, यंत्रे आहेत, शिकलेली माणसे आहेत, त्याचे सांगणे आम्ही बाजूला सारले होते. आणि आमच्या मनाला जे बरे वाटत होते ते 'अनुभव' म्हणून तुम्हांला सांगितले होते. पाचातला दुसरा प्रश्न आम्हीच वर्गात शिकवला होता. तो आमच्याच दारात परत आला.

त्या मुलीने घरी जाऊन हट्ट धरला. तिची आजी खाटेवर होती. बाप म्हणत होता, "बघू उद्या." पोरीने ऐकले नाही. रात्रीच आजीला शाळेच्या पक्क्या इमारतीत आणले. तिचे पाहून आणखी काही घरे आली. सकाळी आम्हीही हिंडून लोकांना बोलावू लागलो.

३ जूनला दुपारी साडेबारा ते अडीचच्या सुमारास वादळ किनाऱ्यावर चढले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर. पुढचे तुम्हांला काय सांगायचे? श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुड इकडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. आजोबांनी लावलेली झाडे नातवाच्या डोळ्यांदेखत पडली. कौले उडाली, पत्रे उडाले. कित्येक गावे दिवसेंदिवस अंधारात राहिली. त्या मुलीच्या घराचे सगळे छप्पर गेले. आजीची खाट जिथे होती तिथे वासा पडला होता.

राईनपाड्यात लोकांनी न पारखता विश्वास ठेवला. इथे आम्ही न पारखता अविश्वास दाखवला. दोन्हींत जीवच पणाला लागतो. म्हणून आम्ही मुलांना 'काही खरे मानू नका' असे शिकवत नाही. विश्वास ठेवायचा तर पारखून ठेवा आणि नाकारायचे तर पारखून नाकारा, असे शिकवतो. कल्ला लाल असला तर मासा घ्यायचा असतो, हेही विसरू नका.

पुढे शाळा सुरू झाल्यावर आम्ही याच वादळाची बातमी तासाला घेतली. मुलांनी जुने कागद जमवले. कुठे लिहिले होते, वादळ अलिबागजवळ आले. कुठे लिहिले होते, श्रीवर्धन-दिवेआगरजवळ आले. मुले म्हणाली, "यातलं एक खोटं आहे." मग भिंतीवरचा नकाशा काढला. हवामान खात्याने 'अलिबागच्या दक्षिणेला' असे म्हटले होते. श्रीवर्धन अलिबागच्या दक्षिणेलाच आहे. म्हणजे खोटे कोणीच बोलले नव्हते. 'जवळ' हा शब्द सैल होता. एका तासात मुले एवढे शिकली की दोन बातम्या जुळल्या नाहीत म्हणजे लगेच कोणाला लबाड म्हणू नये. आधी शब्द तपासावा.

आता मुलांनी वाद घालावा का, याविषयी बोलू.

गेल्या काही वर्षांत आपल्या बंदरावर कसला तंटा चालतो, ते मी काय सांगू, सगळ्यांना ठाऊक आहे. काही बोटी रात्री समुद्रात एलईडीचे मोठे दिवे लावतात. उजेडाला मासा गोळा होतो आणि सगळाच्या सगळा उचलला जातो. लहान पिल्लूही सुटत नाही. डोलीवर पोट असणारा कोळी म्हणतो, "आमच्या जाळ्यात मग काय येणार?" केंद्र सरकारने २०१७ साली या दिव्यांच्या मासेमारीला बंदी घातली. तरी तंटा मिटलेला नाही. बंदरावर बाचाबाची होते, कधी हातघाईही होते.

हा विषय आम्ही वर्गात घेतला. एकाच बाकावर दोन मुले बसत होती. एकाच्या घरी डोली. दुसऱ्याचा बाप दिवे लावणाऱ्या बोटीवर तांडेल. बापांचे बोलणे बंद होते, म्हणून मुलांचेही बंद झाले होते. आम्ही त्यांना सांगितले, "दोघांनी बोलायचं. पण अदलाबदल करून." डोलीवाल्याच्या मुलाने तांडेलाची बाजू मांडायची. तांडेलाच्या मुलाने डोलीवाल्याची. आणि ज्याची बाजू मांडली त्याने 'होय, आमचं म्हणणं असंच आहे' असे कबूल केल्याशिवाय खाली बसायचे नाही.

पहिल्यांदा दोघे रुसून उभे राहिले. मग तांडेलाचा मुलगा म्हणाला, "आमची डोल एका जागी बांधलेली असते. भरती-ओहोटीच्या पाण्याबरोबर येईल तेवढाच मासा आमचा. आम्ही समुद्राच्या पाठीमागे पळत नाही. बाहेरच पिल्लं उचलली तर आमच्यापर्यंत काय येणार?" दुसरा मुलगा त्याच्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "होय. असंच आहे."

मग डोलीवाल्याचा मुलगा उठला. तो म्हणाला, "बोट आमची नाही. बोट नाखव्याची. दिवे लावायचे की नाही, ते तो ठरवतो. नाही म्हटलं तर दुसरा तांडेल उभाच आहे. घरात खाणारी सहा माणसं आहेत." तांडेलाचा मुलगा काही बोलला नाही. त्याने नुसती मान हलवली.

मग आम्ही पाचवा प्रश्न विचारला, "यात कोणाचं म्हणणं आलं नाही?" मुली म्हणाल्या, "टोपली घेऊन बसणाऱ्या आयांचं." कोणी म्हणाले, "बोटीवरच्या खलाशांचं." मागून एक बारीक आवाज आला, "माशाच्या पिल्लांचं." वर्ग हसला. पण आम्ही ते फळ्यावर लिहिले.

त्या दिवशी वर्गात कोणी जिंकले नाही. तंटा काही आमच्या वर्गात मिटणारा नव्हता. कायदा काय आहे ते मुलांना कळले आणि कायदा का मोडला जातो तेही कळले. सुटल्यावर दोघे पोरगे एका सायकलवरून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी तांडेलदादा शाळेच्या दारात हजर. आम्हांला वाटले, आता ऐकून घ्यावे लागणार. ते म्हणाले, "गुरुजी, पोरगा काल मला विचारत होता, डोलीवाल्यांचं काय चुकतंय? मी त्याच्यावर ओरडलो. रात्री झोप नाही आली." एवढे बोलून ते बंदराकडे निघून गेले. ते आज इथे या वर्गात बसलेले आहेत. त्यांची परवानगी विचारूनच हे सांगतो आहोत.

काही जण म्हणतात, "शाळेत राजकारण कशाला?" ही शंकाही रास्त आहे. म्हणून आमचे काही नेम आहेत. आम्ही कोणाला मत देतो, ते मुलांना सांगत नाही. 'तुझा बाप कोणाच्या बाजूचा?' असे कोणत्याही मुलाला विचारत नाही. कोणाची जात, धर्म किंवा घर मधे आणायचे नाही. बोलायचे ते म्हणण्यावर, म्हणणाऱ्या माणसावर नाही. आणि पुरावा समोर आला म्हणून ज्याने आपले मत बदलले, त्याला कोणी हसायचे नाही. उलट त्याच्यासाठी सगळ्यांनी टाळी वाजवायची. हा नेम मोडला तर तास तिथेच बंद.

ही काही आमची नवी युक्ती नाही. साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत शिक्षक असताना वसतिगृहातल्या मुलांसाठी स्वतः हाताने लिहून 'छात्रालय दैनिक' काढीत. छापखाना नाही, पैसा नाही, पण मुलांना जगात काय चालले आहे ते कळावे, ही तळमळ. त्यांच्या नावाचे स्मारक आपल्याच जिल्ह्यात, माणगाव तालुक्यात वडघरला आहे. आमची मुले आता भिंतीवर हाताने लिहिलेला कागद लावतात, तो त्याच वाटेवरचा.

त्याहून जवळचे उदाहरण हवे असेल तर अलिबागजवळच्या चरी गावाचे घ्या. आपल्या आज्या-पणज्यांनी ते पाहिलेले आहे. तेव्हा आपल्या जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. शेते कुळांनी कसायची आणि पिकाचा मोठा वाटा खोताने न्यायचा. 'देवाने असंच नेमलंय' असे सगळे म्हणत. तेव्हा काही माणसांनी विचारले, "हे कशावरून?" २७ ऑक्टोबर १९३३ रोजी चरीत सभा झाली आणि संप ठरला. चरी आणि आसपासची मिळून २५ गावे संपात उतरली. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी. सुमारे सहा वर्षे शेते पडीक राहिली, पण खोताचे शेत कोणी कसले नाही. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीला आले. १९३७ साली त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती बंद करण्याचे बिल मांडले. पुढे १९४८ साली कूळ कायदा आणि १९४९ साली खोती नष्ट करण्याचा कायदा झाला.

यात एक बारीक गोष्ट आहे. संप चालू असतानाच १९३७ साली नारायण नागू पाटलांनी 'कृषीवल' हे वर्तमानपत्र काढले. उपाशी माणसांना वर्तमानपत्र कशाला? आम्ही हे मुलांना विचारतो. मुले थोडा विचार करून सांगतात, "आपलं म्हणणं कोणी छापलं नाही तर ते लोकांना कळणार कसं?" हाच तो पाचवा प्रश्न. ज्याचे म्हणणे छापून आले नाही, त्याला म्हणणेच नाही असे समजू नये.

आणि मुले तिथेच थांबत नाहीत. एक मुलगी म्हणाली, "मग 'कृषीवल'लाही पाच प्रश्न विचारायचे का?" आम्ही म्हणालो, "विचारायचे. आपल्या माणसाला तर आधी विचारायचे."

आज तुम्हांला वाटेल, हे सगळे मोठ्या गोष्टींपुरते. तसे नाही. २००८ साली आपल्या पेण तालुक्यातल्या २२ गावांत काय झाले ते आठवा. मोठ्या सेझसाठी जमीन द्यायची की नाही, असे शेतकऱ्यांना सरकारने २१ सप्टेंबरला विचारले. माणसे मत द्यायला रांगेत उभी राहिली. एका बाजूचे लोक सांगत होते, नोकऱ्या मिळतील. दुसऱ्या बाजूचे सांगत होते, पिकती शेते जातील. कोणाचे किती ऐकायचे, ते ज्याचे त्याला ठरवायचे होते. असा कागद उद्या तुमच्या दारात येईल. नाहीतर तुमच्या मुलीच्या दारात येईल. त्या वेळी आम्ही गुरुजी तिथे असणार नाही. तिच्याजवळ हाताची पाच बोटेच असतील.

म्हणून आमचे एक मागणे आहे. घरी पोराने विचारले, "बाबा, हे कशावरून?" तर लगेच हात उगारू नका. ठाऊक असेल तर सांगा. ठाऊक नसेल तर म्हणा, "मला ठाऊक नाही. चल, दोघं मिळून बघू." असे म्हटल्याने बापाचा मान जात नाही. आमचे ऐका, आमचाही गेला नाही. ज्या मुलीने आम्हांला अंगणात चार माणसांत अडवले, तीच दिवाळीला सगळ्यांत आधी पाया पडायला येते.

मात्र पोरांनाही एक गोष्ट शिकवा. विचारताना आवाज चढवायचा नाही. आजीला विचारायचे तर शेजारी बसून विचारायचे. प्रश्न ताठ असावा, मान ताठ नसावी. हे आम्ही शाळेत सांगतो, तुम्ही घरी सांगा.

आता आमचे बोलणे पुरे झाले. आज मोबाइलवर तुम्हांला जी बातमी आली असेल ती प्रत्येकाने एकेक सांगा. जमल्यास पाटीवर लिहा. चुकले तरी चालेल. मग सगळे मिळून तिचा कल्ला वर करून बघू.

तांडेलदादा, तुमच्यापासून सुरुवात करू या.

बोला आणि विचार करा

१. कोणी सांगितलेली गोष्ट न पारखता पुढे सांगितली, असे तुमच्या हातून कधी झाले आहे का? पुढे काय झाले?

२. वादळाच्या वेळी गुरुजींची चूक कोणती झाली? ती कोणी दाखवून दिली?

३. तुमच्या गावात सध्या कोणता तंटा आहे? ज्यांचे तुम्हांला पटत नाही, त्यांचे म्हणणे तुम्हांला चार वाक्यांत सांगता येईल का?

४. पाच प्रश्न पाटीवर न बघता लिहा आणि घरी एकाला वाचून दाखवा.